इंग्लंडात योग शिकवायचाय? नागपुरात असतानाच करून घ्यायची तयारी

नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातली नोकरी सोडून इंग्लंडात योग आणि माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा सराव) शिकवायचा विचार असेल, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. भारतातून आलेला शिक्षक म्हणून जे कौतुक होतं, ते इथे इंग्लंडात पहिल्या तासापुरतंच टिकतं. माणसं दुसऱ्या आठवड्यात परत येतात ती कंबर न दुखता तास पार पडला म्हणून. स्वतःला आसनं येणं ही निम्मी तयारी झाली. उरलेली निम्मी शिकवण्याची.

ब्रिटनमध्ये योगशिक्षकाला सरकारी परवाना लागत नाही. पण विमा कंपनी प्रमाणपत्र मागते, आणि विमा नसेल तर हॉलवाले सहसा जागा देत नाहीत. स्टुडिओ बहुतेक वेळा २०० तासांचं प्रशिक्षण बघतात. अमेरिकेची योग अलायन्स ही संघटना १९९९ पासून अशा शिक्षकांची नोंदणी करते, पण ती नोंदणीच असते. तुमचा वर्ग बघून कुणी गुण देत नाही. ऋषिकेशला महिनाभरात २०० तास उरकून कागद मिळतो, मात्र अनोळखी शरीरांसमोर उभं राहायचा सराव त्यात फार थोडा होतो. त्यापेक्षा पाया घरीच घालावा. नागपुरात रामनगरचं जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, रामटेकच्या कालिदास संस्कृत विश्वविद्यालयात योगशास्त्र शिकता येतं. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षाही द्या. इथे तिचं नाव फारसं चालत नाही, पण प्रात्यक्षिकात शिकवण्याचं कौशल्य तपासलं जातं, आणि आपल्याला हवं ते तेच.

आता प्रत्यक्ष वर्ग. समोरच्यांपैकी अनेकजण लहानपणापासून खुर्चीवर वाढलेले असतात. मांडी घालून बसवलं की गुडघे वर राहतात, कंबर मागे गोल होते आणि दोन मिनिटांत पाय मुंग्यांनी भरतो. म्हणून ब्लॉक किंवा घडी घातलेलं ब्लँकेट बसायच्या जागेखाली द्यायचं. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली की पाठ आपोआप सरळ होते. वज्रासनात घोट्यांखाली ब्लँकेटची गुंडाळी, पश्चिमोत्तानासनात पायांना पट्टा आणि गुडघे थोडे वाकवलेले. हिवाळ्यात चर्चच्या हॉलची फरशी गारठलेली असते, तेव्हा हीटर अर्धा तास आधी लावा आणि शवासनात प्रत्येकाच्या अंगावर काहीतरी पांघरायला असू द्या. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला हे सुचतच नाही.

सूचना द्यायचा क्रम ठरलेला असावा: आधी श्वास, मग अवयव, मग दिशा. ‘श्वास घेत उजवा हात वर’ एवढं पुरे. वर्गाकडे तोंड करून उभे असाल तर तोंडाने ‘उजवा’ म्हणायचं आणि स्वतः डावा उचलायचा. याची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आरशासमोर करा. नवे शिक्षक हमखास चुकतात ते संपूर्ण तास स्वतःच आसनं करत बसण्यात. मग मागच्या रांगेतली मान कुठे वळली ते दिसणारच नाही. एकदा दाखवा, मग फिरा. हात लावून सुधारणा करायच्या आधी दर वेळी परवानगी घ्या, इथे याबाबत लोक फार काटेकोर आहेत आणि ते योग्यच आहे.

पहिल्या दिवशी आरोग्याचा फॉर्म भरून घ्या. उच्च रक्तदाब असेल तर कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि शीर्षासन नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नाहीत. हाडं ठिसूळ असतील तर जोर लावून पुढे वाकणं टाळा. हर्निया किंवा गरोदरपण असेल तर कपालभाती बंद.

माइंडफुलनेसचा मार्ग वेगळा आणि लांब आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा: दर आठवड्याला सुमारे अडीच तास, मध्ये एक पूर्ण दिवस मौनात, घरी रोज ४५ मिनिटं सराव. तो आधी विद्यार्थी म्हणून पूर्ण करावा लागतो. शिक्षक-प्रशिक्षण त्यानंतर, आणि ते साधारण वर्षभर देखरेखीखाली चालतं. नागपूरजवळ माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं असेल तर बसण्याचा पाया पक्का होईल, पण त्यातून शिकवण्याचा अधिकार मिळत नाही, हे तिथेच स्पष्ट सांगतात. पहिल्या आठवड्यात एक बेदाणा सावकाश खायचा सराव असतो. नागपुरात तालीम करताना संत्र्याची फोड घ्या, बिघडत काही नाही. खरी कसोटी लागते ध्यानानंतरच्या संवादात. कुणी ‘मला काहीच जाणवलं नाही’ म्हटलं की सल्ला द्यायची खुमखुमी येते. तेव्हा फक्त ‘ते कसं होतं?’ एवढंच विचारायचं. डोळे मिटल्यावर कुणी घाबरलं, तर डोळे उघडायला, पाय जमिनीवर टेकवायला आणि खोलीतल्या वस्तू बघायला सांगा. पुढचं काम डॉक्टरचं.

पैशाचं गणित मांडून बघा. हॉल तासाला १८ पौंड धरा, मांडामांडीसह दीड तास, म्हणजे २७. दहाजण नऊ पौंड देणारे, म्हणजे ९०. उरले ६३. आठवड्याला पाच वर्ग आणि वर्षाला ४० आठवडे (ऑगस्ट आणि ख्रिसमसला हॉल रिकामे) म्हणजे १२,६००. त्यातून विमा आणि प्रवास वजा करा, म्हणजे १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेच्याही खाली राहाल. म्हणून निदान पहिली दोन वर्षं इथे सोबत एखादी नोकरीही ठेवावी. जमलं तर आठवड्याचे दिवस कमी करून घ्यावेत. वर्षाची जमा १,००० पौंडांवर गेली की करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत करखात्याकडे नोंदणी करावी लागते. आणि व्हिसा: विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालतच नाही, स्किल्ड वर्कर व्हिसावर जादा कामाला अटी आहेत. पहिली फी घेण्याआधी आपल्या व्हिसाच्या अटी वाचा, अडलं तर वकिलाला विचारा.