नवा आवाज आणि जुने नाव

लिंकिन पार्क या अमेरिकन बँडचा 'फ्रॉम झीरो' हा अल्बम १५ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. त्यानंतरच्या महिन्याभरात आमच्या कॉलेजच्या जुन्या मित्रांमध्ये त्यावरून जेवढी भांडणे झाली, तेवढी विधानसभेच्या निकालावरूनही झाली नाहीत. गंमत म्हणजे भांडणाऱ्या पाच जणांपैकी दोघांनी अल्बम पुरता ऐकलेलाच नव्हता. एकूण अकरा ट्रॅक, त्यांतला पहिला तर अर्ध्या मिनिटाचाही नाही, आणि सारे मिळून जेमतेम ३२ मिनिटे. दादरला जलद लोकल पकडली तर डोंबिवली येण्याआधी तो संपतो. तरीही आमच्यातल्या एकाने, बँडचा दिवंगत गायक चेस्टर बेनिंग्टन नाही तर ते लिंकिन पार्क नाही, सबब मी ऐकणार नाही, असे निक्षून सांगितले.

त्याचे म्हणणे मला कळते. २००० साली निघालेला बँडचा पहिला अल्बम 'हायब्रिड थिअरी' पुढच्या वर्षी आमच्यापर्यंत पोहोचला तो एका कॅसेटच्या रूपाने, आणि ती एकच कॅसेट माटुंगा ते डोंबिवली इतकी फिरली की अखेरीस तिची रीळ पेन्सिलीने गुंडाळून ठेवावी लागे. एका वॉकमनचे दोन इअरफोन दोघांच्या कानांत असत आणि लोकलच्या दारात उभे राहून आम्ही शब्द नीट न कळताही ती गाणी म्हणत असू. चेस्टर असताना हा बँड भारतात कधी आला नाही. आमच्यासाठी तो त्या आवाजातच राहत होता.

२० जुलै २०१७ रोजी चेस्टर गेला आणि सात वर्षे बँड गप्प झाल्यासारखा होता. मग ५ सप्टेंबर २०२४ रोजी गायिका एमिली आर्मस्ट्राँग आणि ड्रमर कॉलिन ब्रिटन यांच्यासह तो परतला. आमच्यातला जो एकेकाळी ड्रम्स वाजवत असे, त्याची तक्रार अशी की बँडचा जुना ड्रमर रॉब बोर्डन परतला नाही याबद्दल कोणी अवाक्षरही काढत नाही. ड्रमरच्या नशिबी हे असेच असते.

गेल्या रविवारी किंग्ज सर्कलजवळच्या इराण्याकडे जमलो, तेव्हा कोणीतरी मराठी रंगभूमीचा दाखला दिला. आपल्याकडे याला सरळ 'रिप्लेसमेंट' म्हणतात, पणशीकरांनंतर डॉ. गिरीश ओक यांनी लखोबा लोखंडे उभा केलाच ना, नाटकाचे नाव कुठे बदलले, असा त्याचा सवाल होता. दाखला चांगला होता, पण तो पुरा लागू पडत नाही. लखोबा अत्र्यांनी लिहिला होता आणि नट त्यात शिरत होता. 'क्रॉलिंग' हे गाणे मात्र व्यसनापुढे आपण कसे हतबल झालो होतो याविषयी आहे, असे चेस्टर स्वतः सांगत असे. ते आता दुसऱ्या कोणी रंगमंचावर गावे, हे काहींना खटकणे स्वाभाविक आहे.

यावर माझ्याकडे एक उत्तर होते आणि ते मी जरा ऐटीतच दिले. चेस्टर स्वतःही रिप्लेसमेंटच होता. या बँडचे नाव पूर्वी 'झीरो' होते आणि मार्क वेकफिल्ड त्याचा गायक होता. तो सोडून गेल्यावर १९९९ साली अॅरिझोनाहून चेस्टर आला. नव्या अल्बमच्या शीर्षकातला शून्य त्या जुन्या नावाकडेच बोट दाखवतो. शिवाय २०१३ ते २०१५ या काळात चेस्टर स्टोन टेंपल पायलट्स या दुसऱ्या बँडमध्ये त्यांचा गायक स्कॉट वाइलंडच्या जागी गात होता. तेव्हा ज्या गोष्टीला आपण त्याच्या नावाने आक्षेप घेतो, ती त्याने स्वतः दोनदा केली होती. ड्रमर मित्राने चहात ब्रून बुडवत एवढेच म्हटले की, "अरे, पण वेकफिल्डच्या आवाजावर जीव जडलेला एक तरी माणूस होता का?" मी गप्प बसलो.

खरे तर गप्प बसण्याची सवय मी फार आधी लावून घ्यायला हवी होती. १९ मे २०१७ रोजी आलेल्या 'वन मोअर लाइट' या अल्बमला आम्ही काय काय म्हटले, हे मला आठवते. गिटार कुठे गेल्या, हे तर मॉलमध्ये वाजणारे गाणे, बँडने दुकान मांडले आहे, असे मी स्वतः तीन परिच्छेद लिहून ग्रुपवर टाकले होते आणि त्यावर हशा पिकला होता. जगभरचे चाहतेही त्याच सुरात बोलत होते आणि चेस्टरने मुलाखतींतून त्यांना संतापून उत्तरेही दिली होती. दोन महिन्यांनी तो नव्हता. अल्बमचा आणि त्याच्या जाण्याचा संबंध जोडण्याचा अधिकार मला नाही. पण त्याचे शीर्षकगीत त्या रात्री पुन्हा ऐकले तेव्हा आपण मे महिन्यात नक्की काय ऐकले होते, हा प्रश्न पडला.

म्हणून या वेळी अल्बम सात-आठ वेळा ऐकल्यावरच लिहीत आहे. बहुतेकांनी कौतुक केले आहे ते 'टू फेस्ड'चे, कारण त्यात बँडमधल्या जो हानचे स्क्रॅचिंग (रेकॉर्ड मागेपुढे घासून काढलेला आवाज), दुसरा गायक माइक शिनोडाचे रॅप आणि किंचाळीचे धृपद अगदी २००३ च्या 'मीटिओरा' या अल्बमच्या बेतावर आहे. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. ते गाणे इतके ओळखीचे आहे की ऐकताना कान आपोआप चेस्टरची वाट पाहतात, आणि मग एमिली कितीही चांगली गायली तरी ती दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेली वाटते. 'हेवी इज द क्राउन'मधल्या दीर्घ किंकाळीचेही तसेच. ती दमदार आहे, पण 'गिव्हन अप' या जुन्या गाण्यातल्या चेस्टरच्या १७ सेकंदांच्या किंकाळीशी मोजली जाणार हे ठाऊक असूनच ती घातल्यासारखी वाटते. उलट 'द एम्प्टीनेस मशीन'मध्ये आधी माइक गातो आणि एमिली दुसऱ्या कडव्यात येते, पाहुण्याने दार वाजवून आत यावे तशी, आणि ते चातुर्य मला फार आवडले. 'कॅज्युअल्टी'त दोघेही बेभान ओरडतात, 'ओव्हरफ्लो' मंद आणि अंधारा आहे. ही दोन गाणी जुन्या कुठल्याच गाण्याची जागा मागत नाहीत, आणि मला सर्वांत सरस तीच वाटली.

म्हणजे आम्ही चाहते मोठे विचित्र आहोत. २०१० साली 'अ थाउजंड सन्स' हा अल्बम वेगळा होता म्हणून बोटे मोडली, २०१७ साली तेच केले, आणि आता आमच्यातलेच काही जण नवे काही नाही म्हणून नाराज आहेत. त्या नाराजांत मीही आहे, हे वरच्या परिच्छेदावरून उघड आहे.

माझी सतरा वर्षांची भाची मात्र या सगळ्यापासून मोकळी आहे. तिने हा बँड याच अल्बममुळे ऐकला. परवा ठाण्याहून येताना मी तिला 'क्रॉलिंग' ऐकवले, मूळ, चेस्टरच्या आवाजातले. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "मामा, हा तर अगदी एमिलीसारखा गातो!"

ग्रुपवर हे मी अजून सांगितलेले नाही.