आमची वाटचाल: रोल, पूर आणि डॉलरचं भाडं

मुलगा म्हणाला, "बाबा, वेबसाइटवर 'आमची वाटचाल' टाकायचीय, शंभर शब्द लिहून द्या." शंभर शब्दांत आमच्या काळी रोलसुद्धा लोड व्हायचा नाही. तेव्हा जरा लांबेल. ज्यांना पॅकेजचे दर हवेत त्यांनी सरळ खाली जावं.

1989 साली सांगलीच्या मारुती रोडवर दहा बाय बाराच्या गाळ्यात मी आणि मामांनी स्टुडिओ टाकला. मामा माझे मामा नव्हते. मिरजेच्या एका स्टुडिओत त्यांनी वीस वर्षं डार्करूम सांभाळली होती, मग मालकाशी बिनसलं. माझ्याकडे वडिलांनी दिलेले थोडे पैसे, त्यांच्याकडे हात. भागीदारी निम्मी-निम्मी, कागद नाही. पुढच्या एकवीस वर्षांत त्या कागदाची गरजही पडली नाही.

कॅमेरा एकच, याशिका मॅट 124 जी, तोही सेकंडहँड. पोटाशी धरून वरून काचेत बघायचं, डावं उजवीकडे दिसायचं. नवरदेव डावीकडे सरकला की आपण कॅमेरा नेमका उलट्या बाजूला नेणार. ही सवय मोडायला मला दोन सीझन लागले. रोलला 12 फोटो. लग्नाला चार रोल म्हणजे 48. अंतरपाट, हार, कन्यादान, सप्तपदी, मग दोन्हीकडची मंडळी, आणि रुसलेल्या आत्याबाईंसाठी दोन राखून ठेवायचे. मी उगाच बटण दाबलं की मामा मागून म्हणायचे, "दाबायच्या आधी बघ लेका. रोल काय तुझा सासरा देणार हाय?"

आमचं पहिलं नाव झालं ते 1991 साली, गावभागातल्या एका बाईंच्या मुलाच्या मुंजीत. बाई शाळेत शिक्षिका. बटूच्या डोळ्यांत होमाचा धूर गेला आणि तो एका हातानं डोळे चोळत दुसऱ्या हातानं मुंजीचा दंड घट्ट धरून बसला, तो फोटो मी काढला. मामांनी तो बारा बाय पंधरा करून काउंटरमागे लावला. बाईंनी प्रत्येक प्रिंट चष्म्याजवळ नेऊन बघितली, पैसे मोजून दिले आणि "पुढच्या कार्याला तुम्हीच" म्हणाल्या. तो शब्द त्यांनी आजवर पाळलाय.

1992 ते 2004 बद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. लग्नं झाली, आम्ही काढली. माझंही त्यातच उरकलं, फोटो मामांनी काढले, मी एकाही फोटोत धड हसत नाही.

2005 च्या पुरात गाळ्यात छातीएवढं पाणी होतं. निगेटिव्हच्या चार लोखंडी ट्रंका खालीच राहिल्या. पाणी उतरल्यावर मी उघडून बघतो तर आत चिखल. मी रिळं उन्हात घालायला निघालो तेव्हा मामा माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "वाळवू नकोस!" निगेटिव्हवरचा थर जिलेटिनचा. ओला आहे तोवर पट्ट्या सुटतात, एकमेकींना चिकटून वाळल्या की संपलं, मग काहीही करा, सुटत नाहीत. आम्ही सगळा माल ओलाच बादल्यांत बुडवून ठेवला. मामांनी सहा दिवस स्वच्छ पाण्यात एकेक पट्टी बोटांनी सोडवली आणि गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी टांगली. त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. निम्म्याहून जास्त गेलं, पण बाईंच्या मुंजीचे दोन रोल वाचले. एका कोपऱ्यात जांभळट डाग आहे, तेवढाच.

मामा 2010 साली गेले. पुढचं त्यांनी पाहिलं नाही.

पुढचं म्हणजे ऑनलाइन गॅलरी. तोवर आम्ही डिजिटल झालोच होतो, डीव्हीडी द्यायचो, आणि तीन वर्षांत डीव्हीडी वाचत नाही म्हणून लोक परत आणून द्यायचे. 2011 मध्ये मी परदेशातली एक गॅलरी सेवा घेतली. वर्षाला 150 डॉलर, जागा अमर्याद. प्रत्येक लग्नाला वेगळी लिंक, वेगळा पासवर्ड. डॉलर तेव्हा 45 रुपयांच्या आसपास होता. मारुती रोडवर हे करणारे पहिले आम्हीच, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे दुसऱ्यांनी ते श्रेय घेतलं. मुंजीतला तो बटू न्यू जर्सीला नोकरीला लागला होता. 2012 ला त्याचं लग्न आम्ही केलं आणि हळदीचे फोटो त्याच्या तिकडच्या मित्रांनी मांडव उतरायच्या आत पाहिले. बाई स्वतः स्टुडिओत येऊन सांगून गेल्या.

आता समोरच्या स्टुडिओवाल्यांविषयी. नाव घेत नाही, मारुती रोडला ठाऊक आहे. 2015 मध्ये गूगल फोटोज निघालं, 'हाय क्वालिटी'त कितीही फोटो फुकट. समोरच्यांनी लगेच बोर्ड लावला: ऑनलाइन अल्बम आजन्म मोफत. लग्नागणिक एक नवं जीमेल खातं उघडायचं, फोटो ओतायचे, लिंक द्यायची, खर्च शून्य. माझ्याकडे गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "समोर फुकट देतात, तुम्ही का पैसे लावता?" मी समजवायचो की त्या फुकटात 16 मेगापिक्सेलच्या वरचा फोटो लहान होतो, आपला कॅमेरा 24 चा आहे, उद्या बारा बाय छत्तीसचं पान करायला घेतलंत तर काय कराल. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि रस्ता ओलांडायचं. 2016 ते 2018 या तीन सीझनमध्ये माझी एकतीस लग्नं रस्ता ओलांडून गेली. मी वहीत लिहून ठेवलीत, आडनावांसकट. त्यातल्या दोन घरांच्या बारशापासूनचे फोटो आमचे होते. मुलगा म्हणतो वही फाडून टाका. फाडणार नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 पाहून आम्ही हार्ड डिस्का माळ्यावर ठेवल्या होत्या, तरी माळ्यालाही पाणी लागलं. अकरा डिस्कांपैकी चार चालल्या. पण सगळं काम वर गॅलरीत शाबूत होतं. गावभागात बाईंच्या घरात पाणी शिरलं आणि लग्नाचा अल्बम फुगून वीट झाला. दिवाळीआधी आम्ही त्यांना गॅलरीतून फाइली उतरवून नवा अल्बम करून दिला, पैसे घेतले नाहीत. भरलेला डॉलर न् डॉलर वसूल झाला असं मी तेव्हा चारचौघांत बोललो होतो. बोललो नसतो तर बरं झालं असतं.

त्यानंतर टाळेबंदी. आधी पन्नास माणसांत लग्न, 2021 च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास. पंचवीस माणसांच्या लग्नाला कोण फोटोग्राफर नेतो? नवरीचा भाऊ मोबाइलवर काढतो. गॅलरीवाल्यांची ईमेलं मात्र नेमानं येत होती: आम्ही सेवा सुधारत आहोत, त्यामुळे दरात बदल. नव्या लोकांना दर वाढला, जागेला मर्यादा आली. जुन्यांना जुना दर चालू राहील, पण वर्गणीत खंड पडता कामा नये. हे शेवटचं वाक्य मी वाचलं होतं आणि विसरलो होतो.

1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा कार्डाचा नवा नियम लागू झाला. दर महिन्याला, दर वर्षाला आपोआप कापली जाणारी रक्कम तेव्हाच्या 5,000 रुपयांच्या मर्यादेवर असेल तर प्रत्येक वेळी ओटीपी लागणार, आणि त्याखालच्या रकमेलाही आधी रीतसर नोंदणी हवी. नियम माझ्यासारख्याच्या भल्याचा, कुणीही न विचारता पैसे कापू नयेत म्हणून. परदेशातल्या ज्या कंपन्यांनी तशी सोय केली नव्हती त्यांचे व्यवहार मात्र परत जाऊ लागले. आमचे 150 डॉलर तोवर 75 च्या भावानं 11,250 रुपये झाले होते, वर बँकेचा आकार. ते गेलेच नाहीत. सूचनेचं ईमेल स्पॅममध्ये पडलं. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, दोन वर्षांची तुंबलेली लग्नं एकदम निघाली, मी दिवसाला दोन मांडव करत होतो. आणि एका सकाळी न्यू जर्सीहून फोन, "काका, अल्बम उघडत नाही. तिथे लिहिलंय, खातं बंद आहे."

सहाशेच्या वर लग्नं त्या कुलपात. फोनवर फोन. समोरचे त्या आठवड्यात गल्ल्यावर बसून माझ्याकडे बघून हसत होते, हे मी विसरणार नाही. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की खंड पडला, जुना दर संपला. नव्या दरात वर्षाला 360 डॉलर आणि जागा तीन टेराबाइट. आमचा माल अकरा. जादा जागा धरून आकडा 1,300 डॉलरवर गेला, म्हणजे 97,500 रुपये, दर वर्षी. मी दहा वर्षांचा गिऱ्हाईक आहे, नियम आमच्याकडचा बदललाय, माझी चूक एवढीच की स्पॅम बघितला नाही, असं सगळं लिहिलं. उत्तराखाली नाव एका मुलीचं होतं, पण ते माणसानं लिहिलेलं वाटत नव्हतं.

हे रडगाणं आमच्या एकट्याचं नाही, हे मुलानं तेव्हा दाखवलं. 2017 मध्ये फोटोबकेट या फोटो ठेवायच्या साइटनं दुसऱ्या साइटवर फोटो दाखवायला वर्षाला 400 डॉलर मागितले आणि जगभरच्या लोकांची पानं रिकामी पडली. तशीच दुसरी साइट फ्लिकर, तिनं 2013 मध्ये फुकट एक टेराबाइट दिलं होतं. 2018 मध्ये मालक बदलले आणि फुकटवाल्यांना हजार फोटोंची मर्यादा आली. तिथली पैसेवाली 'प्रो' वर्गणी पूर्वी 25 डॉलरच्या आत होती, ती 2020 पर्यंत 60 ला पोचली. आणि 1 जून 2021 पासून नव्यानं चढवलेल्या फोटोंसाठी गूगल फोटोजचंही फुकट संपलं: सगळं धरून 15 जीबी, पुढे पैसे. आमच्या एका लग्नाचे तीन हजार फोटो 12 एमबीनं धरले तर 36 जीबी होतात. समोरच्यांच्या 'आजन्म'चं काय झालं ते तुम्हीच काढा. त्यांना खात्यांचे पासवर्डही आठवत नव्हते. त्या एकतीसांपैकी सहा घरं माझ्याकडे आली, मी रस्त्याकडे बघत चहा मागवला.

पण तेव्हा मला चहा गोड लागत नव्हता. मी महिन्याच्या बोलीवर 120 डॉलर भरून खातं उघडलं आणि माल उतरवायला घेतला. 40 एमबीपीएसच्या लाइनवर अकरा टेराबाइट म्हणजे न थांबता पंचवीस दिवस. लाइट गेली की झिप अर्धवट, पुन्हा पहिल्यापासून. एक्केचाळीस दिवस लागले, म्हणजे दोन महिन्यांचं भाडं. रात्री दोन-तीनदा उठून मी आणि मुलगा बघायचो की हिरवी पट्टी सरकतेय ना. डिस्का आणि त्या एकत्र बसवायची पेटी घ्यायला ड्रोन विकला. ज्याला विकला तो समोरचा निघाला, मध्ये दलाल होता म्हणून कळलं नाही.

आता सगळं तीन ठिकाणी आहे: स्टुडिओच्या दुसऱ्या मजल्यावर चार डिस्कांची पेटी, विश्रामबागेत घरी एक, मिरजेला जावयाकडे एक. नव्या पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी. पेटीतली एक डिस्क गेली तर पेटी तारते, पण तेवढ्यावरून तिला बॅकअप समजू नका. पेटी पाण्यात गेली की चारही जातात. सहा महिन्यांनी प्रत्येक डिस्क लावून खरंच दहा फाइली उघडून बघा. पैसे भरायचे ईमेल धंद्याच्या वेगळ्या पत्त्यावर घ्या. आणि लग्नातले शंभर तरी फोटो कागदावर काढाच, हे मी प्रिंट खपवायला सांगत नाही. थोडं खपवायलाही सांगतो.

लिंक अजून द्यावीच लागते, लोक मागतात. तिच्यासाठी आम्ही देशातली जागा भाड्यानं घेतली, रुपयांत, फक्त लहान फाइली. आणि तिचा खर्च निघावा म्हणून 2022 पासून आमचीही वर्गणी आहे. पहिली दोन वर्षं फुकट, पुढे लग्नामागे वर्षाला 500 रुपये.

बाईंना हे सांगायला मी स्वतः गेलो. वय पंच्याहत्तर, कान तिखट. मुंजीचा तो जांभळट डागाचा फोटो कपाटावर होता. त्यांनी सगळं ऐकलं, खणाच्या पिशवीतून पाचशेची नोट काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "मुंजीचे पैसे तू एकदाच घेतले होतेस रे." मी म्हटलं, "बाई, तेव्हा फोटो तुमच्याकडे होते." त्या म्हणाल्या, "आणि आता कुणाकडे आहेत?"

मी पावती केली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेऊन वाचली आणि पिशवीत ठेवली.

यंदा जागेवाल्यानं दर वाढवला, म्हणून आमची वर्गणी 500 ची 600 झाली. मुलानं सगळ्यांना मेसेज टाकला. बाईंचा नंबर मी यादीतून काढून घेतलाय, त्यांचे शंभर रुपये गल्ल्यातून भरतो, आणि हे मुलाला अजून सांगितलेलं नाही.