साबणवाल्याच्या नावाचं मैदान

गुरुवार

10 फेब्रुवारी 1929, स्पॅनिश लीगचा पहिला दिवस. बार्सिलोनातल्या सारिया मैदानावर एस्पान्योलच्या पितुस प्रातनं गोल मारला आणि लीगमधला पहिला गोल त्याच्या नावावर लागला. प्रात निदान प्रश्नमंजुषेत तरी भेटतो. तो गोल ज्यानं खाल्ला त्याचं नाव कुणी विचारत नाही. तो आंतोनिओ एमेरी, रेआल उनिओन दे इरुनचा गोलकीपर. सामना 3-2 असा हातचा गेला. त्याचा मुलगा हुआन, तोही गोलकीपरच. आणि नातू म्हणजे सेविया, आर्सेनल, अ‍ॅस्टन व्हिला असे क्लब सांभाळलेला प्रशिक्षक उनाई एमेरी. 2021 मध्ये एमेरी कुटुंबानं रेआल उनिओनची बहुतांश मालकी घेतली. आजोबांनी जिथं गोल अडवले, तिथला हिशेब आता नातवंडांच्या घरात आहे.

इरुन म्हणजे फ्रान्सच्या सीमेवरचं, आजमितीस साठेक हजार वस्तीचं गाव. बिदासोआ नदी ओलांडली की पलीकडे अँदाय, तो फ्रान्स. एवढ्याशा गावाचा क्लब पहिल्या लीगमध्ये शिरला कसा? वशिल्यानं नव्हे. दहा जागांपैकी सहा जागा कोपा, म्हणजे स्पेनचा चषक, जिंकलेल्या क्लबांना दिल्या होत्या: अ‍ॅथलेटिक बिल्बाओ, अरेनास, बार्सिलोना, रेआल माद्रिद, रेआल सोसिएदाद आणि रेआल उनिओन. तीन जागा कोपाची फायनल हरलेल्यांना, आणि दहावी पात्रता सामन्यांतून आलेल्या रासिंग दे सांतांदेरला. म्हणजे इरुन हक्कानं आत आलं.

कोपांची मोजदाद करताना लोक हमखास गोंधळतात. 1915 मध्ये गावातले दोन क्लब, इरुन स्पोर्टिंग आणि रासिंग दे इरुन, एक होऊन ‘उनिओन’ झाला. या नावावर तीन कोपा: 1918, 1924 आणि 1927. रासिंगनं 1913 मध्ये जिंकलेली धरली तर चार. तीन म्हणणाराही चूक नाही आणि चार म्हणणाराही. या वादात पडून उपयोग नाही, गावकरी चारच म्हणणार.

1918 ची फायनल माद्रिदविरुद्ध, 2-0. त्यात उनिओनकडून खेळला रने पेती, जो आदल्या वर्षी माद्रिदकडून कोपा जिंकला होता. जन्म फ्रान्समधल्या दाक्सचा, 1920 च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सकडून खेळला, आणि पेशानं धरणं बांधणारा इंजिनिअर. येसाच्या मोठ्या जलाशयाच्या कामात त्याचा हात आहे. 1924 ला पुन्हा माद्रिदच, या वेळी 1-0, प्रशिक्षक इंग्लंडचा जुना गोलमशीन स्टीव्ह ब्लूमर. 1927 ला अरेनासविरुद्ध जादा वेळेत एचेवेस्तेचा एकच गोल. दोन्ही संघ उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशातले, फायनल मात्र सारागोसाला.

मधली 1922 ची फायनल मात्र विगोच्या मैदानावर बार्सिलोनाविरुद्ध 5-1 नं गेली. ती कुणी आपण होऊन काढत नाही.

शुक्रवार

मैदानाचं नाव स्टेडियम गाल. ‘गाल’ हे ना खेळाडूचं नाव, ना गल्लीचं. ते सुगंधी साबण आणि अत्तरं करणाऱ्या गाल कंपनीच्या मालकाचं आडनाव. हा साल्वादोर एचेआंदिया गाल मूळचा इरुनचा, धंदा माद्रिदला. ‘एनो दे प्राविया’ हा त्यांचा साबण, स्पेनमध्ये आजही दुकानात मिळतो. आता स्टेडियमवर कंपन्यांची नावं झळकली की लोक नाकं मुरडतात. इथं शंभर वर्षांपूर्वीच हे होऊन गेलंय, आणि नाव इतकं मुरलंय की त्यात जाहिरात कुणाला वास घेऊनही सापडत नाही.

मैदान सुरू झालं 1926 मध्ये. त्याच वर्षी स्पॅनिश फुटबॉलमध्ये व्यावसायिक खेळाडूंना अधिकृत मान्यता मिळाली. एका बाजूनं नवंकोरं मैदान, दुसऱ्या बाजूनं असा नियम, की ज्यानं छोट्या गावांचा घास काढून घेतला. पगार द्यायचा तर तिकिटं खपली पाहिजेत, आणि इरुनची सगळी माणसं आणून बसवली तरी माद्रिदशी बरोबरी कशी व्हायची? 1931 मध्ये गावचा हिरा लुइस रेगेइरो रेआल माद्रिदला गेला. पुढच्याच हंगामात, 1932 ला, उनिओन तळाला जाऊन खाली उतरला. तो पहिल्या विभागात पुन्हा कधीच चढला नाही.

त्यावर 1936 चं यादवी युद्ध. सप्टेंबरात इरुन पडलं, माघार घेणाऱ्यांनी गावाला आग लावली आणि लोक पुलावरून अँदायला पळाले. पुढं गाव उभं राहिलं ते रेल्वे आणि जकातीवर. 1993 मध्ये युरोपची बाजारपेठ एक झाली आणि जकातीवरची शेकडो पोटं एका फटक्यात उघडी पडली. क्लब तिसऱ्या-चौथ्या पायरीवर वर-खाली का करत राहतो हे समजायला गुणतक्ता पुरत नाही, गावाचा धंदा बघावा लागतो.

एकदा मात्र कमाल झाली. 2008 च्या शरदात कोपात रेआल माद्रिद पुढ्यात आला. गालवर उनिओन 3-2 नं जिंकला. परतीच्या सामन्यात बेर्नाबेऊवर 4-3 नं हरला. बेरीज 6-6. पण परक्या मैदानावर उनिओनचे गोल तीन, माद्रिदचे दोन. तेव्हाच्या नियमानं माद्रिद घरी गेला. पुढच्या उन्हाळ्यात 44 वर्षांनी दुसऱ्या विभागात बढती मिळाली, आणि एकाच हंगामात परत उतरणही.

शनिवार

जायचं कसं, ते नीट लिहून ठेवणं बरं.

आधी क्लब कुठल्या विभागात आहे ते बघावं, जुन्या माहितीवर भिस्त ठेवू नये. 2021 पासून तिसरी पायरी प्रिमेरा फेदेरासिओन (20 संघांचे दोन गट), चौथी सेगुंदा फेदेरासिओन (18 संघांचे पाच गट). लोक फसतात ते इथं: वेळापत्रकात आधी फक्त आठवडा ठरलेला असतो. सामना शनिवारी की रविवारी, दुपारी की संध्याकाळी, हे जेमतेम दोन-तीन आठवडे आधी पक्कं होतं. त्याआधी काढलेलं परतीचं तिकीट म्हणजे जुगार.

मुंबईहून सरळ विमान नाही. युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर बदलून बिल्बाओ, तिथून बसनं सव्वा तासात सान सेबास्तियान. पॅरिसकडून येणाऱ्यांनी ट्रेन अँदायपर्यंतची धरावी. फ्रेंच रूळ 1435 मिमी अंतराचे, स्पॅनिश 1668 चे. त्यामुळे साधी गाडी सीमेवर अडतेच.

सान सेबास्तियानहून इरुनला दोन रेल्वे जातात. एक रेन्फेची, म्हणजे स्पेनच्या सरकारी रेल्वेची लोकल. दुसरी एउस्कोत्रेन या बास्क रेल्वेची, जिला सगळे ‘टोपो’ म्हणतात. टोपो म्हणजे जमीन उकरत जाणारा चिचुंद्रीसारखा प्राणी, बोगद्यांमुळे हे नाव पडलं. मीटरगेज, आमारा स्टेशनवरून सुटते, अँदायला संपते. गावात हिंडायचं तर इरुन कोलोनला उतरा, मैदानावर जायचं तर पुढचं फिकोबा. झोप लागली तर एकदम फ्रान्समध्ये जाग येते. थट्टा नाही: फ्रेंच पोलीस तिथं अधूनमधून कागद तपासतात. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पूल ओलांडला म्हणून सिंगल एंट्रीचा व्हिसा संपत नाही, पण पासपोर्ट हॉटेलात ठेवून गेलात तर पंचाईत.

पावसाचं: शेजारच्या ओंदारिबिया गावाच्या बाजूला वर्षाला दीडेक हजार मिमीच्या वर पडतो. आकडा ऐकून मुंबईकर हसेल. पण आपला पाऊस चार महिन्यांत मोकळा होतो, इथला बारा महिने भुरभुरतो. त्या भुरभुरीला बास्क लोक ‘सिरिमिरी’ म्हणतात. आपली ‘झिमझिम’ आणि त्यांची ‘सिरिमिरी’, शब्दसुद्धा तसेच बारीक भिजवणारे. छत्री घेऊन उभे राहिलात तर मागच्यांना दिसत नाही आणि ते तोंडावर सांगतात. टोपीचं जाकीट न्यावं.

तिकीट सामन्याच्या दिवशी खिडकीवर मिळतं. या पायऱ्यांवर साधारण दहा ते वीस युरो. पाटीवर ‘दिआ दे अयुदा अल क्लब’ (क्लबला मदतीचा दिवस) लिहिलं असेल तर त्या दिवशी वर्गणीदार सभासदांनाही पैसे भरावे लागतात, आणि बाहेरच्यांचा दर चढलेला असू शकतो. सुटे युरो बरोबर असावेत.

रविवार

मैदानात काही हजारच माणसं मावतात. कोपऱ्यातली बडबडसुद्धा रेफरीपर्यंत जाते, आणि जावी म्हणूनच केलेली असते. सफेद शर्ट, काळी चड्डी, म्हणून ‘चुरी-बेल्त्स’, म्हणजे पांढरे-काळे. आरोळी ‘औपा उनिओन!’ बिअर मागाल तर बिनदारूची येते. कायद्यानं स्पेनच्या मैदानांत दारू बंद आहे, त्यामुळे खरी मैफल सामन्याआधी गावातल्या बारमध्ये होते.

मध्यंतराला हातात हवी ‘पिपास’ची पुडी, म्हणजे खारवलेल्या सूर्यफुलाच्या बिया. पद्धत अशी: बी उभी धरायची, पुढच्या दातांत टोक दाबायचं, टच आवाज आला की जिभेनं गर आत ओढायचा आणि टरफल ओठावरून बाहेर. आडवी चावली की टरफलाचा चुरा होतो आणि मीठ तेवढं तोंडात राहतं. नवख्याला एक बी सोलेपर्यंत शेजारचे आजोबा पाच उडवतात, तेही मैदानावरची नजर न हलवता. संपल्यावर पायऱ्यांवर टरफलांचा सडा.

सामना नसेल तर फाटक बंद असतं. कुणी कामाला आलेलं दिसलं तर ‘से प्वेदे बेर एल काम्पो?’ (मैदान बघता येईल का?) एवढं हळू विचारावं. बऱ्याचदा दोन मिनिटं आत सोडतात. नाही म्हटलं तर हुज्जत नको.

मग नदीकाठानं वरच्या अंगाला बेओबियाकडे जावं. पात्रात एक छोटं बेट दिसतं, फेजंट पक्ष्यांच्या नावाचं. 1659 चा स्पेन-फ्रान्समधला पिरेनीजचा तह इथं झाला. बेट दोन्ही देशांचं, आळीपाळीनं: 1 फेब्रुवारी ते 31 जुलै स्पेनकडे, 1 ऑगस्ट ते 31 जानेवारी फ्रान्सकडे. आत जाता येत नाही, काठावरूनच बघायचं. उनिओनचा हंगाम सुरू होतो तेव्हा ते फ्रान्सच्या ताब्यात असतं. गुणतक्त्यावर कोण वर आणि कोण खाली हे ठरायला लागतं, तेव्हा स्पेनच्या.