चार ओळींचा बदल

रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा नव्यानं शिकतेय, म्हणून एका ओपन सोर्स (सगळ्यांना खुल्या) प्रकल्पातला एक इश्यू, म्हणजे नोंदवलेलं काम, घ्यावं म्हणत होते. सकाळी बघते तर तो बंद झालेला. खाली जांभळ्या रंगात 'मर्ज्ड', म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी बदल मूळ कोडमध्ये घेतलेला. बदल चार ओळींचा. त्या चार ओळींसाठी मी अख्खा पार्सर (मजकूर वाचून त्याची फोड करणारा कोड) वाचत बसले होते.

रागावायचं कुणावर? ज्यानं केलं त्यानं रीतसर केलं. तरी दिवसभर तेच डोक्यात. ऑफिसात जावा लिहिताना अर्ध्या गोष्टी हातालाच ठाऊक असतात. इथे रस्टमध्ये 'मी हे घेऊ का?' एवढं लिहितानाही बोटं अडखळतात. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. त्यानं विचारलंसुद्धा नाही, सरळ पुल रिक्वेस्ट, म्हणजे तयार बदल घ्या अशी विनंती, टाकली. हे असं बिनधास्त मला कधी... जाऊ दे.

आणि नवख्यांसाठी सोप्या कामांना लावतात ते 'गुड फर्स्ट इश्यू'चं लेबल! ज्याच्यात्याच्या खाली 'मी घेऊ का' म्हणणाऱ्यांची रांग, आणि पुढे सगळं चिडीचूप. कोण करतंय, कोण सोडून गेलंय, पत्ता लागत नाही.

दुपारी न राहवून त्याचा कोड उघडला. ऑप्शनमधली (असेल किंवा नसेल अशी) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, नुसती वाचायची होती, त्यानं ॲज-डीरेफ वापरून उसनी घेतली. माझ्या ब्रँचवर, म्हणजे माझ्या कच्च्या कोडमध्ये, तिथे क्लोन, म्हणजे अख्खी नक्कल. पुढच्या ओळीतही क्लोन. बॉरो चेकर (उसनवारीचे नियम तपासणारा रस्टचा पहारेकरी) ओरडला की क्लोनचा नैवेद्य दाखवायचा, ही आमची भक्ती. हसूच आलं. माझं मर्ज झालं असतं तर रिव्ह्यू करणाऱ्यानं काय काय ऐकवलं असतं!

क्लिपीत, म्हणजे रस्ट कोडमधल्या खोड्या दाखवणाऱ्या टूलच्या प्रकल्पात, निदान परवानगीचा प्रश्न नाही. कमेंटमध्ये रस्टबॉट या स्वयंचलित मदतनिसाला 'क्लेम' म्हटलं की इश्यू आपल्या नावावर. सातशेच्या वर लिंट (एकेक खोड पकडणाऱ्या तपासण्या) आहेत, काम संपायची भीती नाही. पण लिंट लिहायचं म्हणजे कंपायलरच्या (कोडचा चालता प्रोग्राम करणाऱ्या यंत्रणेच्या) पोटात शिरायचं, तेवढी छाती अजून नाही. त्यापेक्षा यूयूटिल्स हा प्रकल्प बरा वाटतोय. एलएस, सॉर्ट, कट या रोजच्या कमांड तिथे रस्टमध्ये नव्यानं लिहिल्यात, आणि उबुंटू लिनक्सच्या २५.१० पासून त्याच डीफॉल्ट आहेत. जुन्या कमांड ज्या प्रकल्पाच्या, त्या जीएनयूच्याच टेस्ट त्यांच्यावर चालवतात. जी नापास होते तिच्यावर काम करायचं, कुणी लेबल लावायची वाट बघायला नको. शिवाय सॉर्टनं (ओळी क्रमानं लावणाऱ्या कमांडनं) काय छापायला हवं हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. भाषा नवी असताना निदान उत्तर तरी ओळखीचं हवं.

रेपो, म्हणजे प्रकल्पाचा सगळा कोड, क्लोन करून घेतला आणि तो बांधायला कार्गो बिल्ड लावलंय. हे एक क्लोन तरी कुणी रिव्ह्यूत काढायला सांगणार नाही.