खाऱ्या हवेत टिकणारं लाकडी कॅबिनेट

कॉम्प्युटरचं कॅबिनेट लाकडात करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: पेट तर घेणार नाही ना? लाकूड पेटायला साधारण अडीचशे-तीनशे अंश तापमान लागतं. नीट वारा खेळणाऱ्या पेटीतली हवा एप्रिल-मे महिन्यातही पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे जात नाही. 1976 साली ॲपलचा पहिला कॉम्प्युटर, ॲपल-1, नुसता बोर्ड (सगळे भाग बसवलेली मुख्य पाटी, मदरबोर्ड) म्हणून विकला जायचा, आणि घेणाऱ्यांपैकी काहींनी त्याला लाकडाचीच पेटी करून घेतली होती. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात खरी काळजी करावी ती दमट हवेची आणि मिठाची. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण पाणी ओढून ओला होतो, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता आठवडेच्या आठवडे त्याच्या वरच असते. म्हणजे बोर्डावर बसलेली खारी धूळ जूनपासून ओली राहते. खाली जे सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीवरून ठरलेलं आहे: सांगाडा मरीन प्लायचा, मागची बाजू ॲल्युमिनियमची, आणि अस्सल लाकूड फक्त दर्शनी पट्ट्यांना.

अख्खं कॅबिनेट सागवानाचं का नको, याचा हिशोब सोपा आहे. किनाऱ्यावर उन्हाळ्यात सुकलेल्या सागात 12 टक्क्यांच्या आसपास ओल असते, भर पावसाळ्यात ती 18 टक्क्यांपर्यंत चढते. उभ्या नसेच्या आडव्या दिशेने साग ओलीच्या दर टक्क्याला साधारण 0.2 टक्के फुगतो. म्हणजे 300 मिमी रुंदीची फळी साडेतीन मिमीच्या आसपास रुंद होते. साग तरी शहाणा, आंबा त्याहून जास्त हलतो. बोर्डाच्या मागची पोर्टं अर्ध्या मिलिमीटरच्या हिशोबाने बसवलेली असतात. तिथे तीन मिमी कुठून आणणार? प्लायमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ही हालचाल जवळजवळ थांबते. दुकानात 'वॉटरप्रूफ' या शब्दावर विश्वास ठेवू नका, पाटावर मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, आयएस 710 हा शिक्का बघून घ्या. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ तर विचारातच घेऊ नका, दोन पावसाळ्यांत कडा पावासारख्या फुगतात आणि स्क्रू हाताने बाहेर येतात.

आता मापं. बोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे 170 बाय 170 मिमी. पॉवर सप्लाय एसएफएक्स या लहान मापाचा, 125 बाय 63.5 बाय 100 मिमी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आतली जागा उंचीला 280, खोलीला 260, रुंदीला 150 मिमी. बोर्ड तळाशी उभा, त्याच्या वर पॉवर सप्लाय. 12 मिमी प्लायचे तुकडे असे:

दोन बाजू, 304 × 272
वरची आणि खालची, दोन, 150 × 272
पुढची, 150 × 280
बोर्डाची फळी 9 मिमी प्लायची, 180 × 200
मागचा ॲल्युमिनियमचा पत्रा 1 मिमी जाडीचा, 174 × 304

कागदावर 12 मिमीचे पाचही तुकडे 2 बाय 2 फुटांच्या पाटात बसतात. पण करवतीचं पातं प्रत्येक कापाला 3 मिमी खातं, म्हणून थोडी जास्त जागा हाताशी ठेवा. 2 बाय अडीच फुटांचा तुकडा घ्या. कापून आणल्यावर दोन्ही बाजूंच्या फळ्या एकावर एक ठेवून कडा जुळतात का ते पाहा आणि प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावा. इथे एक मिमी चुकला की मागचा पत्रा तिरका बसतो.

मागची बाजू लाकडाची का नको? पोर्टांभोवतीचा पत्र्याचा चौकटा, म्हणजे आयओ शील्ड, साधारण एक मिमी जाडीच्या पत्र्यातच खटकन बसतो. 12 मिमी प्लायमध्ये त्याच्या कडा पकड घेतच नाहीत, आणि यूएसबीची पिन जाड कडेला अडून अर्धवट बसते. या चौकटीचं भोक 158.75 × 44.45 मिमी असतं. ते जिगसॉने एक मिमी लहान कापा आणि उरलेलं कानसीने घासत आणा. मोठं झालं की दुसरा पत्रा आणावा लागतो. पत्र्याचं सगळं काम बोर्ड पेटीत येण्याआधी उरकून पत्रा धुऊन घ्या; ॲल्युमिनियमचा बारीक कीस बोर्डावर पडला तर तो शॉर्ट करतो.

बोर्डाची चार भोकं नेमक्या चौकोनात नसतात. एक कोपरा सुमारे 23 मिमी सरकलेला असतो, म्हणून फूटपट्टीने आखू नका. बोर्ड फळीवर ठेवून भोकांतूनच पेन्सिलीने खूण करा. खुणेवर पितळी थ्रेडेड इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) बसवायचे आणि त्यात 6.5 मिमी उंचीचे स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड फळीपासून वर धरणाऱ्या खुंट्या. इन्सर्टचं भोक किती मापाचं हवं ते टाकाऊ प्लायवर आधी करून बघा. अर्धा मिमी लहान असेल तर प्लायचे थर फाकतात, मोठं असेल तर इन्सर्ट स्क्रूबरोबर गोल फिरत राहतो. फळी बाजूच्या प्लायला आधी दोनच स्क्रूंनी धरा, बोर्ड आणि शील्ड एकत्र बसवून पोर्टं मोकळी दिसतात का पाहा, आणि मगच बाकीचे स्क्रू घट्ट करा. 150 मिमी रुंदीतून फळी, स्टँडऑफ, बोर्ड आणि प्रोसेसर वजा केल्यावर प्रोसेसरवरच्या कूलरसाठी 120 मिमी उंची सहज उरते.

वाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. लोखंडी पेटीचा पत्रा स्वतः थोडी उष्णता बाहेर टाकतो. लाकूड टाकत नाही. लोखंडाच्या मानाने ते काहीशे पटींनी वाईट वाहक आहे, म्हणून सगळी उष्णता हवेनेच बाहेर न्यावी लागते. 150 वॉट खर्च करणारा संच खोलीपेक्षा दहा अंशांपर्यंतच तापू द्यायचा तर मिनिटाला सुमारे 26 घनफूट हवा लागते. 120 मिमी पंख्यावर पन्नास-साठ लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या हवेतलं. जाळी आणि पट्ट्या पुढे आल्या की निम्मं समजा. तरी एक पंखा पुरतो, दोन असले तर ते हळू आणि शांत फिरतात. एक पुढे खाली हवा आत घेणारा, दुसरा वरच्या फळीत पुढच्या अंगाला बाहेर टाकणारा. भोक 115 मिमी व्यासाचं, स्क्रूंच्या खुणा 105 मिमी अंतरावर. पॉवर सप्लायचा पंखा खाली तोंड करून ठेवा, बोर्ड आणि त्याच्यामध्ये 30 मिमी मोकळे राहतात. घर कौलारू असेल तर वरच्या भोकावर 20 मिमी उंच खुंट्यांवर प्लायचं छोटं झाकण बसवा, गळतीचा एक थेंबही आत जायला नको.

दर्शनी भागाला फणस सुंदर दिसतो. कापल्यावर पिवळाधमक असतो, वर्षभरात तांबूस होतो, आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण वखारीतून घेताना पांढरट, कडेचा भाग टाळा. पिठासारखा भुसा पडणारी कीड तिथूनच सुरू होते. 15 मिमी रुंदीच्या नऊ उभ्या पट्ट्या, मधल्या फटी जेमतेम 5 मिमी. पुढच्या प्लायपासून त्या 12 मिमी पुढे, वर-खाली एकेका आडव्या पट्टीवर बसवायच्या. फटींची मोकळी जागा साधारण 110 चौरस सेंटिमीटर भरते, पंख्याच्या भोकापेक्षा किंचित जास्त, म्हणून पंखा गुदमरत नाही. पट्टी अरुंद असल्याने पावसाळ्यात फुगली तरी दोन-तीन दशांश मिमीच. प्रत्येक पट्टीला वर एक आणि खाली एकच स्क्रू; दोन-दोन मारले तर पट्टी मधोमध चिरते. फटींच्या मागे, पंख्याच्या पुढे काढता येणारी बारीक स्टेनलेसची जाळी हवीच. पाल आत शिरली की ती हमखास गरम पॉवर सप्लायजवळ जाते.

चिकटवायला वॉटरप्रूफ फेविकॉल, म्हणजे मरीनवाला. भेगा बुजवायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरचा वास येणारं नको, ते सुकताना निघणारं आम्ल तांबं खातं. स्क्रू स्टेनलेस किंवा पितळी. लोखंडी स्क्रू लाकडाला काळे डाग पाडतो आणि एका पावसाळ्यानंतर निघत नाही. उजवी बाजू उघडती ठेवायची, त्यामुळे तिच्या स्क्रूंनाही इन्सर्ट द्या.

पॉलिशमध्ये लाखेचा मोह टाळा: दमट हवेत ती पांढरी पडते. काजूच्या टरफलांचं डिंबेल होडीला आणि वाशांना उत्तम, पण ते चिकट राहतं आणि हाताला फोड आणतं. इथे पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) वापरा, तीन हात, आणि आतून-बाहेरून सारखेच. फक्त बाहेरून लावलं तर आतल्या बाजूने ओल शिरते आणि फळी वाकते. सगळ्यात जास्त पाणी प्लायच्या कडा पितात, त्यांना एक हात जादा. आठ दिवस वास जाऊ द्या, मगच बोर्ड आत.

अर्थिंग विसरू नका. लोखंडी पेटीत पॉवर सप्लाय, पत्रा आणि शील्ड आपोआप एकमेकांना जोडलेले असतात. इथे तो जोड मागच्या ॲल्युमिनियमने साधायचा: पॉवर सप्लाय त्यालाच आवळायचा आणि स्क्रूखालचा रंग खरवडून धातूला धातू लावायचा. स्विचचं अंग धातूचं असेल तर त्यापासूनही एक वायर पत्र्याला आणा. घराचं अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्या, कारण जांभ्याच्या कातळात ते कमजोर असतं आणि उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखी बिघडतं. स्विच दाबून सोडल्यावर परत वर येणारा हवा. दाबलेलाच राहणारा घेतला तर मशीन सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडतं, आणि दोष बोर्डात शोधला जातो. लाकूड रेडिओ लहरी अडवत नाही, त्यामुळे शेजारी मध्यम लहरींवर आकाशवाणी लावली तर खरखर येऊ शकते. रेडिओ दोन हात दूर ठेवा.

खाली 20 मिमी उंचीचे रबरी पाय लावा, लादी पुसताना पाणी तळाला लागणार नाही. सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवून उपयोग नाही, पंख्याच्या पेटीत त्या दिवसभरातच भिजतात. जून ते सप्टेंबर मशीन रोज तासभर तरी चालू ठेवा, स्वतःच्या उबेने ते कोरडं राहतं. जाळी दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावा. गणपतीनंतर एकदा बाजू उघडून कोरड्या ब्रशने बोर्डावरची धूळ झाडा, आणि स्टँडऑफचे चारही स्क्रू बोटाच्या जोराने तपासा. पाऊस ओसरला की प्लाय किंचित आकसतो, आणि तेव्हाच ते सैल पडतात.