पोटखराब्यातला कडा

काट्याची शिरी, म्हणजे वाट अडवायला लावलेलं काटेरी फांद्यांचं कुंपण, तारेनं बांधलेली होती. नुसती आडवी टाकलेली नव्हे. जाड बाइंडिंग तार, पक्कडीनं चार पीळ दिलेली. मी उद्यमनगरात लेथवर उभा राहून पोट भरणारा माणूस; तारेचा पीळ बघितला की देणाऱ्याला किती राग आलेला होता ते मला कळतं. हा पीळ चांगलाच रागातला होता.

शिरीच्या पलीकडं उसाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटलेलं पीक, त्याच्या बांधावरून पायवाट, वाट संपते तिथं करवंदीच्या जाळ्या, आणि जाळ्यांच्या मागं आमचा कडा. आमचा म्हणजे काय, तीन-चार वर्षं आम्ही मोजकी पोरं तिथं दोर लावून चढायला जातो, म्हणून आमचा. उंची पन्नास-साठ फूट. सह्याद्रीत असले तुकडे पैशाला पासरी आहेत, पण कोल्हापुरातून सकाळी चहा पिऊन निघावं आणि नऊच्या आत हात दगडावर असावा, असे फार नाहीत. गगनबावड्याच्या रस्त्याला बालिंग्याचा पूल, कळे, आणि मग एक फाटा. कुठला फाटा ते सांगणार नाही. वाचून झाल्यावर का ते लक्षात येईल.

सोबत मेव्हणा होता. पुण्याचा. तिकडं जिममधल्या भिंतीवर आठवड्यातून तीन दिवस चढतो, त्यामुळं दंड माझ्या दुप्पट. त्याला अस्सल दगड दाखवायचा म्हणून मी आठ दिवस फुशारक्या मारलेल्या. आणि आता पन्नास किलोमीटर येऊन पुढ्यात शिरी.

“दाजी, उचलून बाजूला ठेवू. परत येताना लावू,” तो म्हणाला. तार सोडायला हात घातला आणि बांधापलीकडून आवाज आला.

“कोन हाय रं ते?”

आज्जी सत्तरीच्या पुढची. डोक्यावर वैरणीचा भारा, हातात कोयता. भारा खाली ठेवला नाही, तसाच डोक्यावर ठेवून आमच्याकडं बघत उभी राहिली.

“आज्जी, कड्याकडं निघालोय. दरवेळी इथूनच जातो.”

“जात हुतासा. आता न्हाई.”

इथं मेव्हण्यानं मोबाईल काढला. त्या खबदाडात रेंज कशी आली देव जाणे. ही वहिवाटीची वाट आहे, अडवता येत नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. शिवाय मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, अडवलेला रस्ता तहसीलदार मोकळा करून देतात. वाचून दाखवताना त्याचा आवाज असा लागला होता की समोर खरोखरच तहसीलदार बसलेत.

मला घाम फुटला. कारण घरात तीन पिढ्या पाणंदीचं भांडण बघितलेला मी माणूस आहे. कोल्हापूर भागात शेताकडं जाणाऱ्या रस्त्याला पाणंद म्हणतात, आणि पाणंदीवरून भावाभावांत बोलणं बंद झालं नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. १४३ कलम आहे ते दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी. हातात दोर घेऊन खडकावर लोंबकळणाऱ्यासाठी नाही. आमचं त्या कड्याखाली ना शेत, ना गोठा.

आज्जीनं सगळं ऐकून घेतलं. मग भारा उतरवला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “तुमचा गट नंबर किती?”

मेव्हणा गप्प.

“माझा सांगू? ही वाट माझ्या बांधावरनं जात्या, आनि त्यो दगुडबी माझ्याच सातबाऱ्यात हाय. पोटखराबा म्हनून लिवलाय. फॉरेस्टच्या हद्दीचा दगुड त्याच्या वर लागतोय, त्या ऐनाच्या झाडापाशी.”

मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकी वर्षं आम्ही कडा सरकारी समजून चाललो होतो, म्हणजे कुणाचाच नाही असं समजून. पोटखराबा म्हणजे सातबाऱ्यावरची पेरता न येणारी जमीन. ज्या दगडासाठी मी बायकोशी खोटं बोलून शूज मागवले, तो कागदावर पोटखराबा.

मग तिनं कारण सांगितलं. दिवाळीनंतर ऊस गेला, खोडवा गुडघ्याला लागला होता. डिसेंबरात कुणीतरी पोरं आली, शिरी काढून बाजूला टाकली आणि तशीच गेली. रात्री गवे उतरले. पाच गुंठे कोवळा खोडवा सकाळपर्यंत भुईसपाट. खाल्ला त्यापेक्षा तुडवला जास्त. राधानगरी-दाजीपूरचा गवा म्हणून आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. २०२१ च्या डिसेंबरात गवा पार कोल्हापूर शहरापर्यंत आला तेव्हा आपली जी पळापळ झाली, ती या लोकांची रोजची रात्र आहे. नुकसानभरपाई मिळते, पण त्याला पंचनामा लागतो, कागद लागतात, आणि हिच्या सातबाऱ्यावर अजून सासऱ्याचं नाव.

“तिघं हुते. एक तांबड्या टोपीचा.”

माझी तांबडी टोपी सॅकच्या वरच्या कप्प्यात होती. चेन अर्धी उघडी.

मी काही बोललो नाही. इथं खोटं लिहिण्यात अर्थ नाही, त्या क्षणी माझ्या मनात पश्चात्ताप वगैरे नव्हता, चेन कशी लावावी एवढाच विचार होता. डिसेंबरातली ती संध्याकाळ आठवली. अंधार पडत होता, एकाला रात्रपाळीला जायचं होतं, मागून येणारा लावेल असं मला वाटलं. मागून येणारा मीच होतो.

शेवटी तीच म्हणाली, “जावा. लांबनं आलायसा. पर सांजच्याला येताना ह्ये कुपान मला नीट करून द्या. आनि सटवाईच्या दगडाफुडं चपला घालून हिंडू नगा.”

कड्याबद्दल आता थोडं सांगतो, नाहीतर हे प्रवासवर्णन कसलं. दगड बसाल्ट, वर जांभ्याची टोपी. जांभा हातात ढेकळासारखा येतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नये. खालचा बसाल्ट मात्र घट्ट. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून राहिलेली भोकं जागोजागी, कुठं एक बोट, कुठं दोन बोटं जातील अशी. डावीकडं एक उभी चीर आहे, मधली भिंत सरळसोट, आणि उजवीकडं पुढं आलेल्या कपारीखाली आग्या मोहोळ. तिकडं जायचं नाही, धूर करायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही, आणि सेंट मारून यायचं नाही. मेव्हणा मारून आला होता. त्याला आधी ओढ्यात मान धुवायला लावली.

वर कुणीतरी जुने दोन बोल्ट मारून ठेवलेत. माझा तो विषय आहे म्हणून सांगतो, मी पाना लावून बघितला तर नट जागच्या जागी गंजून एकजीव झालेला, आणि हँगर, म्हणजे दोर अडकवायची पट्टी, हातानं खुळखुळतो. इकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. साध्या लोखंडाचं त्यात काय होणार? बघून ‘आहेत की बोल्ट’ म्हणत दोर ओवणारे महाभाग असतात, मीही पहिल्या वर्षी ओवला होता. आता आम्ही मागच्या वाटेनं वर जाऊन दोन दणकट झाडांना वेगवेगळे स्लिंग, म्हणजे मजबूत पट्टे, बांधतो आणि त्यातून टॉप रोप, म्हणजे चढणाऱ्याला वरून धरणारा दोर, खाली सोडतो. बुंध्याची साल सोलू नये म्हणून खाली पोत्याचं बारदान घालतो.

म्हशीला पाणी दाखवायला आलेली आज्जी हे सगळं ओढ्याकाठी बसून बघत होती. आम्ही मागून वर गेलो, दोर बांधला, खाली आलो, कमरेला हार्नेसचे पट्टे चढवले, आणि मेव्हण्यानं चिरीत पहिला हात घातला.

“आरं, आत्ता वर जाऊन आलासा की!”

याला उत्तर नाही. मी बिले देत होतो, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळत होतो, त्यामुळं हसायचीही सोय नव्हती. वर मेव्हण्याची अवस्था वाईट होती. जिममध्ये लाल-पिवळ्या प्लास्टिकवर पाय ठेवायची सवय, इथं पाय कुठल्या रंगावर ठेवायचा ते सांगायला कुणी नाही. चिरीत मूठ अडकवून वर सरकायचं असतं, तो चिरीच्या कडा धरून ओढत राहिला, दहा मिनिटांत हात फुगले आणि “दाजी, पकडा!” करत सुटला. दोर जरा ताणला, तो फूटभर खाली येऊन लटकत राहिला. आज्जी उभी राहिली होती. तो हसतोय हे दिसल्यावर परत बसली आणि म्हशीला काहीतरी सांगू लागली. ते आमच्याविषयीच असणार.

मी त्या दिवशी चीर पहिल्यांदाच न थांबता चढलो. एरवी याच्यावर चार परिच्छेद लिहिले असते. वर पोचलो तेव्हा समोर पळस फुललेला, खाली खोडव्याचं हिरवं रान, आणि त्यात एका कोपऱ्यात विटकं, उखणलेलं पाच गुंठ्यांचं ठिगळ. वरून ते फारच स्पष्ट दिसतं.

चार वाजता कुंपणाला लागलो. आज्जीनं कोयता दिला आणि काम दाखवलं. करवंदीच्या फांद्या तोडायच्या, बुंधा आतल्या बाजूला, काटेरी शेंडा बाहेर, आणि एकीत एक अडकवत जायचं. गवा काट्याला भितो का, असं मेव्हण्यानं विचारलं.

“भीत न्हाई. पर जरा थबकतोय. तवर कुत्रं भुकतंय, मी डबा वाजवत्ये.”

म्हणजे आम्ही बाजूला टाकली ती म्हातारीला जागं व्हायला मिळणारी दोन-चार मिनिटं होती.

ऊन पाठीत शिरत होतं. आज्जी म्हणाली, “टोपी घाल की. हाय न्हवं पिशवीत?”

मी कोयता खाली ठेवला. “आज्जी, शिरी मीच टाकली होती.”

“व्हय. तार नीट पीळ.”

पाचशेची नोट काढली. आता ती ‘नगं रं बाळा’ म्हणेल, वर ताक देईल, आणि मी घरी जाऊन खेड्यातल्या माणसांच्या मोठ्या मनावर लिहीन, असं गृहीत धरलं होतं. तिनं नोट घेतली, घडी करून कनवटीला लावली आणि म्हणाली, “गुंठ्याला शंभर झालं. ऱ्हायल्यालं?”

गुंठ्याला टन हा आपल्याकडचा ढोबळ हिशोब. खोडवा जरा कमी उतरतो. टनाला तीन हजारांच्या वर. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि पुढच्या दिवाळीतल्या नव्या दोराला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पळसंबे, गगनगड, करूळ घाटातला चहा. ठीक होतं, गर्दी होती.

करवंदीचा एक काटा अंगठ्यात मोडून राहिला होता, तो चार दिवस लेथवर ठणकला आणि पाचव्या दिवशी पू होऊन निघाला. पाडव्याला जाऊन आज्जीला अडीच हजार पोचते केले. डिसेंबरातल्या दोघांपैकी एकानं त्याचे दिले. दुसरा म्हणतो ऊस गव्यानं खाल्ला, गव्याकडून घ्या. मेव्हण्याकडं मागितले तर तो म्हणाला, मी डिसेंबरमध्ये पुण्यात होतो. बरोबर आहे त्याचं.