तुम्ही विचारलंत म्हणून: शेवट माहीत असताना त्या रडक्या सिरीयल बघायच्या कशाला?

प्रश्न नेहमीचाच आहे. ऑफिसात, नात्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर, की अगं त्या जपानी-कोरियन सिरीयल बघतेस कशाला, हिरॉईनला काहीतरी दुर्धर झालेलं असतं, ती जाणार हे सुरुवातीलाच कळतं, मग पुढे बघायचं काय? तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच लिहिते.

मी मरण बघायला बसतच नाही. मी बघते ते सांगणं. आजाराचं नाव त्या माणसाला कोण सांगतं, कधी सांगतं आणि सांगून झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या घरात काय चालतं. माझ्या आत्याला कॅन्सर होता आणि ती जाईपर्यंत तिच्यासमोर घरात कुणी तो शब्द काढला नाही. गाठ आहे, औषधाने विरघळेल, एवढंच. डॉक्टरांना बाहेर गाठून विचारायचं आणि खोलीत येताना चेहरा बदलून यायचं. तिला कळलं असणार हे आज आम्ही सगळेच म्हणतो, पण तेव्हा त्यावर तिच्याशी बोललं कुणीच नाही, म्हणजे तिची भीती तिने एकटीनेच काढली. ते मला अजून सलतं.

म्हणून ‘वन लीटर ऑफ टीअर्स’. फुजी टीव्हीवर 2005 मध्ये आलेली जपानी सिरीयल, 11 भाग. मूळ डायरी आया कितो नावाच्या खऱ्या मुलीची, आइची प्रांतातल्या तोयोहाशीची, जन्म 1962 चा. पंधराव्या वर्षी निदान झालं आणि 1988 मध्ये पंचविसाव्या वर्षी ती गेली. आजाराचं नाव स्पायनोसेरेबेलर डिजनरेशन. यात लहान मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशी हळूहळू मरत जातात, आधी तोल जातो, मग बोलणं जड होतं, लिहिता येत नाही, गिळता येत नाही. बुद्धी मात्र शाबूत. म्हणजे स्वतःचं काय होतंय ते त्या पोरीला रोज लख्ख समजत असतं, तिच्यापासून तुम्ही लपवणार तरी काय?

पहिल्याच भागात सिरीयलमधली आया शाळेला जाताना पडते आणि हनुवटीला लागतं. आता पडताना आपले हात आपसूक पुढे येतात ना, तिचे येत नाहीत, आणि डॉक्टरला खटकतं ते नेमकं हेच. आई आरोग्यसेविका, त्यामुळे तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. आईवडिलांना आधी कळतं, मुलीला नाही. खऱ्या आयाच्या काळात जपानमध्येही असंच होतं, कॅन्सर झाला तर डॉक्टर घरच्यांना सांगायचे आणि पेशंटला अंधारात ठेवायचे, अगदी आपल्यासारखं. आई दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन बघते, टोफूचं (सोयाबीनच्या पनीरचं) दुकान चालवणारा बाप मानायलाच तयार नसतो. आणि मग ते तिला सांगतात. समोर बसवून, नावासकट. ती विचारते की या आजाराने मलाच का निवडलं, आणि याला उत्तर नसतं, पण कुणी उठून जात नाही, विषय बदलत नाही, सगळे तिच्याजवळ बसून राहतात. मी हा सीन आईसोबत बघितला होता. टीव्ही बंद केल्यावर ती म्हणाली, मला काही झालं ना, तर पहिलं मला सांगायचं, सगळ्यांच्या आधी मला. इतक्या वर्षांत आमच्या घरात हे कुणी उघड बोललं नव्हतं.

त्या सांगण्यानंतर सिरीयल खरी सुरू होते असं मला वाटतं. कारण आता सगळ्यांना माहीत असून रोज जगायचंय. तिचा धाकटा भाऊ मित्रांसमोर व्हीलचेअरवरच्या बहिणीची लाज वाटून घेतो, आणि त्याला झापते कोण, तर मधली बहीण आको, जी आधी स्वतः सारखी कुरकुरत असायची. शाळेत वर्गातल्या मुलांना मदत करायचं ओझं व्हायला लागतं, ती वाईट मुलं नसतात हो, दमलेली असतात, आणि शेवटी वर्गासमोर उभं राहून मी शाळा सोडून जाते हे आयाच सांगते.

प्रेमाचं म्हणाल तर सिरीयलमध्ये तिच्यावर जीव असलेला वर्गमित्र, असो हारुतो नावाचा, तो काल्पनिक आहे, खऱ्या आयाच्या आयुष्यात असा मुलगा नव्हता. तरी मला तो खोटा वाटत नाही, कारण सगळं नीट होईल असलं काही तो कधी म्हणत नाही. पुढे ती त्याला पत्र देते, आता भेटायला नको म्हणून. तो ते वाचत रस्त्याने चालतो आणि रडतो. तिथे मीही दर वेळी रडते. पण बघा, तिथेही सांगतेय तीच, स्वतःच्या शब्दांत.

कोरियन ‘ऑटम इन माय हार्ट’ सगळ्यांना माहीत असते, 2000 सालची, ल्युकेमियावाली, कोरियन लाट, म्हणजे कोरियन सिरीयल-गाण्यांचं वेड, देशाबाहेर पसरवण्यात तिचा मोठा वाटा. हिरॉईन सोंग हे-क्यो अप्रतिम आहे त्यात. पण ती आजार लपवते, ज्याच्यावर जीव आहे त्याच्यापासूनच, आणि ते लपवणं म्हणजेच त्याग असं सिरीयल मानते. मला ते पटत नाही. ‘स्टेअरवे टू हेवन’ या दुसऱ्या कोरियन सिरीयलमध्ये तर हिरॉईनला डोळे मिळावेत म्हणून सावत्र भाऊ स्वतःचा जीव देतो, तिथे आजार फक्त कथा ओढायला आणलाय.

तेव्हा बघायचीच असेल तर जपानीपासून सुरुवात करा. घरात सध्या कुणी आजारी असेल तर थोडं थांबा, सोसणार नाही. आणि भाग संपला की लगेच पुढचा लावू नका, शेवटच्या पाट्यांमध्ये खऱ्या आयाचे फोटो येतात, ते बघा.